बेचाळिसाव्या दिवसापर्यंत

तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, आशाताईनं, या सहा दिवशी त्याच्या घरी जायचं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिला दिवस धरून सात वेळा. 2011 पासून देशभर हा नियम आहे. प्रत्येक भेटीला बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, श्वास मोजायचे, बेंबी बघायची, आई कशी पाजते ते बघायचं. आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हे विचारायचं आणि सगळं छापील नमुन्यात भरायचं. बेचाळीस दिवस पुरे झाले, वजन कार्डावर चढलं, जन्माची नोंद झाली, पहिल्या लसी मिळाल्या, की या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, असा दर योजना आखताना ठरला.

माणसाच्या चांगुलपणाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना मी या वेळापत्रकापासून सुरू करते आहे. त्याला कारण या पुस्तकातल्या हकिकतीच आहेत. आशा, अंगणवाडीसेविका, नर्सताई, गावातल्या जुन्या सुईणी इथे आपापल्या कामाविषयी बोलल्या आहेत. स्वतःला चांगलं म्हणवून घेणारी त्यांत एकही नाही. त्या सांगतात ते असं : कुठल्या घरी किती वेळा गेले, सासूबाई काय म्हणाल्या, वजनकाटा कसा अडकला, रात्री रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावायला टेकडीवर कसं चढावं लागलं. पानामागून पान वाचत गेले तसं माझं मत पक्कं होत गेलं, की रोजच्या जगण्यातला चांगुलपणा शोधायचा तर तो या पुन्हा पुन्हा जाण्यात शोधावा. कळवळा पहिल्या भेटीला पुरतो. पाचव्या-सहाव्या भेटीला माणसाला त्या उंबऱ्यापर्यंत नेतं ते निराळं काही असतं. ते शिकवता येतं, तपासता येतं आणि त्याचा परिणाम मोजताही येतो.

आधी त्या दिवसांविषयी. आपल्या घरांमध्ये पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही, कुणीतरी जागं राहायचं. त्या सुमाराला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. ही रीत ज्या बायांनी घालून दिली असेल त्यांना पहिल्या आठवड्याची भीती पुरती ठाऊक असली पाहिजे, असं मला फार वाटतं. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. नाळ विळ्यानं कापून वर राख किंवा शेण लावायचे तेव्हा धनुर्वातही याच दिवसांत गाठायचा. बायांना जंतू माहीत नव्हते, दिवस मात्र माहीत होते, आणि त्या दिवसांत कुणीतरी जागं राहिलं पाहिजे हेही. सव्वा महिना बाळंतिणीला वेगळी खोली, ऊब, आळिवाचे-डिंकाचे लाडू, बाहेरच्यांची ये-जा कमी, यांत शहाणपण होतंच. त्याला लागूनच घातक सवयीही होत्या. जन्मल्याबरोबर अंघोळ, पहिलं पिवळं दूध पिळून टाकणं, मध नाहीतर साखरेचं पाणी चाटवणं, कोंडलेल्या खोलीत शेगडीचा धूर. आशाताईला हे सगळं एका गाठोड्यात मिळतं आणि त्यातलं एकेक हलक्या हातानं सोडवावं लागतं. पाचवी होऊ द्यायची, मध थांबवायचा. ऊब राहू द्यायची, धूर बाहेर काढायचा. आजींचा मान ठेवून आजींचं ऐकायचं नाही. यासाठी प्रशिक्षणात शिकलेल्याइतकीच माणसांची पारख लागते.

महाराष्ट्रात या कामाची वाट जामखेडवरून जाते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले. दोघंही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतलेले. तालुका कायमचा दुष्काळी. तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात होती. शिकलेल्या नर्सेसना गावांत राहायला पाठवायचा बेत नीट चालला नाही, तेव्हा गावानं आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी असं ठरलं. निवडून आलेल्यांत कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकून परत जात, पुढच्या आठवड्यात काय घडलं ते सांगायला पुन्हा येत. वर्षभराचा अभ्यासक्रम एका दमात उरकायचा, ही पद्धत आरोळ्यांनी ठेवली नाही. शिकणं आणि करणं शेजारीशेजारी चालू ठेवलं.

आणखी एक गोष्ट त्या काळातली. दुष्काळात पाण्यासाठी कूपनलिका खोदायच्या होत्या, तेव्हा त्या दलित वस्तीत खोदल्या जाव्यात हे डॉ. आरोळ्यांनी पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथे यायचं. उपदेशानं जे झालं नसतं ते पंपाच्या जागेनं साधायची वाट खुली झाली. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हातात पुढे गावानं आपल्या बाळंतिणी दिल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं मोल आहेच. मला मात्र जामखेडचं खरं देणं त्या आठवड्याच्या फेऱ्यांमध्ये दिसतं. एका निरक्षर बाईवर विश्वास टाकणं हे भाषणात सोपं असतं. तिला दर आठवड्याला बोलावून, तिचं ऐकून, चुकलं तिथं दुरुस्त करून, वर्षानुवर्षं तो विश्वास चालवणं हे कष्टाचं काम आहे.

गडचिरोलीत हेच काम आकड्यांच्या कसोटीला लागलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. न्यूमोनियानं मुलं मरत होती, आणि न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळानं मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेतले, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलानं पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि मनगटावर घड्याळ नव्हतं. तेव्हा एक साधं लाकडी साधन तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळांच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्यांच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. एवढंच. दहापर्यंत तर प्रत्येकीला मोजता येत होतं. समोरच्या माणसाला काय येत नाही याची यादी करत बसण्याऐवजी तिला जे येतं त्यावर अख्खी वैद्यकीय कसोटी उभी करायची, ही मला करुणेची सर्वांत वरची पायरी वाटते. आणि ती सुताराच्या हातून गेलेली आहे, म्हणून टिकाऊ आहे.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं. 39 गावांत ‘सर्च’नं उपक्रम राबवला आणि 47 गावं तुलनेसाठी धरली. 1993 पासून दोन वर्षं नुसत्या नोंदी केल्या. मग गावागावातल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना, आरोग्यदूतांना, टप्प्याटप्प्यानं शिकवलं : जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास सुरू करणं, ऊब, स्तनपान, कमी वजनाच्या बाळाची निगा, आणि शेवटी जंतुदोष झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जाऊन त्यांच्या नोंदी पडताळून बघत. उपक्रमाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी 62 होतं, ते तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आलं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिल्यावर ही घट 62 टक्के भरली. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे छापून आलं आणि सुरुवातीला उल्लेखलेलं वेळापत्रक त्यातूनच पुढे देशभर गेलं.

या अभ्यासातला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बाळाला जंतुदोष झाला हे ओळखायच्या खुणा काय ठरल्या? आधी नीट रडत होतं, आता रडणं मंद झालं. आधी नीट ओढत होतं, आता ओढणं कमी झालं. आधी जागं असायचं, आता सुस्त पडलंय. आई म्हणते अंग गार लागतंय. अशा दोन खुणा एकदम दिसल्या तर उपचार सुरू. आता या खुणा पुन्हा वाचा. पहिल्या तिन्हींत ‘आधी’ आहे. जी बाई काल आली नव्हती तिला आजचा फरक कळणारच नाही. एकदाच येणारा डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला बाळ सुस्त दिसेल. ते सुस्त झालंय हे दिसणार नाही. आणि चौथी खूण तर थेट आईच्या हाताच्या स्पर्शावर सोडलेली. शास्त्रानं आईचं म्हणणं पुराव्यात धरलं.

याचा अर्थ मला नीट उमगला तो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका वाडीत, तिथल्या आशाताईबरोबर गृहभेटीला गेले तेव्हा. चौदावा दिवस. बाळ जन्मताना दोन किलोच्या जरासं आत भरलेलं. आशाताईनं आधी साबणानं हात धुतले, मग हवेतच वाळवले. पदराला पुसले नाहीत. काट्याला रिकामी झोळी लावून तो शून्यावर आणला, मग बाळ झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरला आणि हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. वजन सातव्या दिवसाइतकंच. वाढलेलं नव्हतं.

“त्रास देतो का गं रात्री?” तिनं विचारलं.

“नाही ताई, फार गुणी आहे. रडतच नाही. उठवून पाजावं लागतं.”

मी असते तर हसून पुढे गेले असते. आशाताई थांबली. वहीची मागची पानं उलटून तिनं सातव्या दिवसाचा नमुना काढला. त्यात तिच्याच अक्षरात होतं, रडणं जोरात, ओढणं चांगलं. मग बाळाचं अंगडं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत राहिली. चौसष्ट. तिनं बाळाला आईच्या मांडीवर दिलं, जरा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा मोजले. बासष्ट. तळपाय हाताला गार. “आत्ता निघायचं,” ती म्हणाली. आजींनी नकार दिला. मुलगा ऊसतोडीला गेलाय, तो आल्याखेरीज घराबाहेर काढायचं नाही, शिवाय अमावस्या. आशाताई वाद घालत बसली नाही. तिनं बाळाला आईच्या उघड्या छातीशी घट्ट लावलं, वरून दोघांना गोधडी गुंडाळली आणि आजींना म्हणाली, “तुमच्या नातवाला गाडीत तुम्हीच मांडीवर घ्या. मी पण येते. रात्री तिथंच राहते.” ती जागची उठली नाही. जवळपास तासाभरानं आजींनी पातळ बदललं. बाळ ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या नवजात कक्षात गेलं आणि आठवड्याभरानं घरी आलं.

ती रात्र आशाताईनं रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढली. घरी तिचं स्वतःचं लेकरू होतं.

इथून मी पैशांच्या विषयावर येते, आणि तो टाळून हे पुस्तक वाचू नये असं मला ठामपणे वाटतं. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा सर्वसाधारणपणे हजार लोकवस्तीमागे एक आशा ठरली. आज देशात त्या सुमारे दहा लाख आहेत. त्यांना कर्मचारी धरलेलं नाही, स्वयंसेविका धरलं आहे. कामागणिक मोबदला आणि वर थोडं ठरावीक मानधन. कोविडच्या पहिल्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांच्यातल्या हजारोजणी दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या, तेव्हा शेजारी त्यांना अंगणात येऊ देत नव्हते. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. या दोन गोष्टींच्या मध्ये पुरती दोन वर्षंही नाहीत.

सेवाभाव आहे म्हणून दाम कमी चालेल, हा विचार आपल्या समाजात खोल मुरलेला आहे आणि तो अन्यायाचा आहे. बाईनं केलेल्या कामाच्या बाबतीत तर तो आणखी सहज लागू होतो, कारण बाळ बघणं, बाळंतीण बघणं ती घरी फुकट करतेच. चौसष्ट श्वास मोजणं हे कौशल्य आहे. सातव्या दिवसाचा नमुना खरा भरलेला असणं हे कौशल्य आहे. आजींसमोर तासभर न चिडता बसणं हेही. आपण शल्यविशारदाला कौशल्याचे पैसे देताना त्याच्या मनातल्या प्रेमाची चौकशी करत नाही. मग आशाताईकडून प्रेमाची हमी का मागायची आणि तीच हमी दाखवून दाम का पाडायचा? चांगलं काम व्हावं असं वाटत असेल तर ते करणाऱ्या बाईच्या घरात दोन वेळची चूल निर्धास्त पेटली पाहिजे, तिला रात्री रुग्णालयात पाठ टेकायला खोली मिळाली पाहिजे. शेकडो बायांचं हिमोग्लोबिन वहीत लिहिणारीचं स्वतःचं हिमोग्लोबिनही कुणीतरी वेळच्या वेळी तपासलं पाहिजे. या पुस्तकातल्या बऱ्याचजणींनी पाठदुखी, पाळीचा त्रास, चक्कर यांचा उल्लेख केला आहे. पण तो सगळीकडे एखाद्या वाक्यात, दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगता सांगता.

आकड्यांत बघायचं तर महाराष्ट्रानं मोठी मजल मारली आहे. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्याचा अर्भकमृत्यूदर हजारी 16 आला. यात रस्ते, मुलींचं शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणं, लसी, सगळ्यांचा वाटा आहे. एकट्या आशांना त्याचं श्रेय देणं त्यांनाही आवडणार नाही. पण दवाखान्यातून बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते. त्यानंतर तिच्या दारात सरकारच्या वतीनं जे माणूस पायी येतं, ते बहुतेक वेळा आशाच.

पुन्हा पुन्हा जाण्याचं हे मोल बाळ-बाळंतिणीपलीकडेही खरं आहे, थोडक्यात सांगते. क्षयरोगाचे उपचार साधारणपणे सहा महिन्यांचे असतात, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला की रोगी गोळ्या सोडू बघतो. तेव्हा रोज विचारणारं माणूस लागतं. कुणाच्या घरी मयत झालं की तेरा दिवस घर भरलेलं असतं, तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. जी शेजारीण तेव्हा येते ती बहुधा काहीच विशेष बोलत नाही, भाजी निवडू लागते. शाळेत आठवडाभर न आलेल्या मुलाच्या घरी जाणारे शिक्षक मी पाहिले आहेत. या सगळ्यांना कालचं आठवत असतं, म्हणून आजचा फरक दिसतो. माणसाच्या भलेपणाचा एवढा मोठा भाग नुसत्या लक्षात ठेवण्यावर उभा असेल असं मला हे काम जवळून पाहण्याआधी वाटलं नव्हतं.

आता या पुस्तकाविषयी दोन शब्द. हकिकती सांगणाऱ्यांची आणि गावांची नावं बदलली आहेत. बोली मात्र तशीच ठेवली आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाड्याची, घाटावरची, जिची जशी. संपादकांनी एक धाडस केलं आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे : ज्या बाळांना वाचवता आलं नाही त्यांच्याही हकिकती वगळलेल्या नाहीत. त्यातल्या एका हकिकतीत आशाताई सहाही भेटींना गेलेली आहे, सगळं नियमानुसार केलेलं आहे, आणि तरी बाळ गेलं. ती त्यानंतरही त्या घरी गेली, आईचं दूध उतरत होतं ते कसं थांबवायचं हे सांगायला. त्या भेटीसाठी नमुना नाही. ‘सर्च’च्या कामाला वजन आलं तेही मृत्यूंची नोंद प्रामाणिकपणे ठेवल्यामुळेच. यशाच्या गोष्टी तेवढ्या जमवल्या असत्या तर या बायांच्या कामाची निम्मीच बाजू छापली गेली असती.

हे पुस्तक शहरातल्या वाचकांनी वाचावंच. पण त्याआधी ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांच्या मासिक बैठकीत, अहवाल गोळा करून झाल्यावर, मोठ्यानं वाचलं जावं असं मला वाटतं. काय चुकीचं लिहिलं गेलंय ते त्या लगेच सांगतील. ते टिपून घ्यायला प्रत्येक प्रकरणाअखेर कोरी जागा सोडायला संपादकांना मी सुचवलं, त्यांनी ती सोडली आहे.